बॅगवर मारताना मनगट दुखतं, मुडपतं: घरी सराव करणाऱ्यांनी काय तपासायचं

इचलकरंजीत एका पत्र्याच्या शेडमध्ये मी बारा वर्षं बॉक्सिंग शिकवते आहे. नवीन येणाऱ्या बऱ्याच मुलामुलींनी सुरुवात घरीच केलेली असते. गच्चीवर किंवा पडवीत बॅग टांगायची आणि मोबाइलवर बघून मारायला लागायचं. पहिल्या आठवड्यात त्यांची तक्रार ठरलेली असते: "ताई, मनगट दुखतंय." कोणी सपोर्टर घातलेला असतो, कोणी बाम चोळलेला असतो, कोणी गोळी घेऊन आलेलं असतं. मारणं मात्र कोणीच थांबवलेलं नसतं.

"माझं मनगटच कमजोर आहे" असं बहुतेक जण धरून चालतात. माझा अनुभव वेगळा आहे. मनगट कमजोर असलेली माणसं मला फार थोडी भेटली. मूठ, मनगट आणि कोपर एका ओळीत न येणारी भरपूर भेटली, आणि ती ओळ मोडण्यामागची कारणंही पुन्हा पुन्हा तीच निघाली. कारण सापडत नाही तोवर सपोर्टर फक्त दुखणं झाकतो.

आधी कुठे दुखतंय ते बघा

"मनगट दुखतंय" एवढ्याने काही कळत नाही. एका बोटाने दाबून नेमकी जागा शोधा. मूठ वळली की वर येणाऱ्या हाडांच्या उंचवट्यांना आम्ही नकल म्हणतो, पुढेही तोच शब्द वापरते.

• पंच लागताच मनगट आत किंवा मागे मुडपतं आणि हाताच्या पाठीकडे, मनगटाच्या मध्यावर कळ येते. मागच्या हाताच्या सरळ पंचाला, म्हणजे क्रॉसला, हे जास्त होतं, कारण त्यात अंगाचं वजन येतं.

• करंगळीच्या बाजूला मनगट दुखतं. बॅगवर लागतंच, पण घट्ट नळ फिरवताना, ओले कपडे पिळताना, कुलपात किल्ली फिरवतानाही लागतं. कधी आत 'कट्' वाजतं. हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारायचा पंच, जास्त मारणाऱ्यांना होतं.

• अनामिका आणि करंगळीच्या नकल सुजतात, हाताची त्या बाजूची कड दुखते.

• अंगठ्याच्या बुडाशी दुखतं.

• नकलवरची कातडी सोलवटते, किंवा सराव संपल्यावर बोटांना मुंग्या येतात.

बोट वाकडं दिसत असेल, एखादी नकल खाली दबलेली असेल, किंवा रात्री झोपेतून जाग येण्याइतकं दुखत असेल तर खालचं काही करून बघू नका. थेट शेवटचा भाग वाचा आणि दवाखाना गाठा.

बाकीच्यांनी तीन-चार दिवस बॅग पूर्ण बंद ठेवावी. फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं बर्फ, दिवसातून दोन-तीनदा. दुखणं कमी करणारी गोळी घेऊन बॅगवर जाऊ नका. त्या कळेवरूनच चूक शोधायची आहे आणि गोळी नेमकी तीच दाबून टाकते.

भिंत आणि फूटपट्टी

पहिल्या तपासणीला पैसा लागत नाही. शाळेची फूटपट्टी घ्या. मूठ वळून हात समोर धरा आणि घरातल्या कोणालातरी ती पट्टी तुमच्या हाताच्या पाठीवर आणि मनगटामागच्या हातावर आडवी न ठेवता लांबीने ठेवायला सांगा. पट्टी दोन्हीकडे टेकली पाहिजे. मनगटापाशी फट दिसली तर मूठ मागे झुकलेली आहे. पट्टी मनगटावर उचलली गेली तर मूठ आत मुडपलेली आहे.

मग भिंतीसमोर उभे राहा. तर्जनी आणि मधलं बोट या दोघांच्याच नकल भिंतीला टेकवा, कोपर मुठीच्या मागे सरळ रेषेत आणा आणि हळूहळू अंगाचं वजन टाका. दहापर्यंत मोजा. मनगट डगमगलं, किंवा नकळत करंगळीच्या बाजूला टेकायला लागलात, तर बॅगवरही तसंच होतंय. फक्त तिथे ते इतक्या झटक्यात होतं की दिसत नाही.

या दोन नकलवर मी एवढा जोर का देते, ते स्वतःच्या हातावर तपासा. दुसऱ्या हाताने करंगळीची नकल चिमटीत धरा आणि वर-खाली हलवा. तळहाताचं ते हाड चांगलं हलतं. अनामिकेचं त्याहून कमी हलतं. आता तर्जनीची आणि मधल्या बोटाची नकल धरून बघा. जवळजवळ हलतच नाही. ही दोन हाडं मनगटाच्या हाडांत घट्ट बसलेली असतात, त्यामुळे तिथे बसलेला धक्का सरळ पुढच्या हातात उतरतो. करंगळीकडे बसला तर हाड खाली दबतं आणि त्याच्या मानेवर मोडतं. डॉक्टर या मोडीला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात. रीतसर शिकलेल्या बॉक्सरपेक्षा रागात भिंतीवर किंवा दारावर मूठ आपटणाऱ्यांना ते जास्त होतं.

मूठ कशी वळता

बोटं आधी पेरातून दुमडायची, मग तळहातात गुंडाळायची. अंगठा बाहेर, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरांवर आडवा. बोटांच्या आत अंगठा ठेवणारी मुलं दर वर्षी येतात, आणि पहिल्या जोरदार पंचाला अंगठा गमावता गमावता वाचतात. उलट काही जण अंगठा तर्जनीच्या कडेला उभा ठेवतात. तो हुकमध्ये बॅगला अडकतो आणि बुडाशी मुरगळतो. अंगठ्याच्या बुडाशी दुखणाऱ्यांनी बाकी काही बघायच्या आधी एवढंच तपासावं.

मूठ सतत आवळून धरू नका. हात जाताना सैल, लागताना घट्ट, परतताना पुन्हा सैल. पूर्ण राउंडभर आवळलेली मूठ दुसऱ्या मिनिटाला थकते, आणि मनगट मुडपायला सुरुवात होते ती तिथूनच. नखंही कापा. लांब नखं असली की मूठ पूर्ण मिटत नाही. हे सांगायला क्षुल्लक वाटतं, पण एका मुलीचं महिन्याभराचं दुखणं एवढ्यावर गेलेलं मी पाहिलं आहे.

खडू आणि मोबाइल

आता बॅगवर या, पण अगदी हळू. ग्लोव्हजच्या पुढच्या भागावर पांढरा खडू घासा आणि निम्म्याहून कमी जोराने दहा जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच), दहा क्रॉस, दहा हुक मारा. बॅगवरचे ठसे बघा. ठसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या नकलच्या जागी हवा. तो करंगळीकडे सरकलेला असेल, किंवा बोटांच्या सपाट भागाचा मोठा ठप्पा उमटत असेल, तर चूक समोर आली.

मोबाइल बाजूला, छातीच्या उंचीवर ठेवून चित्रण करा आणि संथ गतीने बघा. तीन गोष्टी शोधायच्या.

एक, अंतर. फार जवळ उभे असाल तर हात पुरा उघडायच्या आत पंच लागतो आणि मनगट मागे ढकललं जातं. फार लांब असाल तर कोपर ताठ होऊन कडक बसतं, धक्का कोपरात आणि खांद्यात जातो. पंच लागताना कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे.

दोन, कोपराची वाट. क्रॉस मारताना कोपर बाहेर उडालं की मूठ तिरकी लागते. कोपर फासळ्यांजवळून निघून मुठीच्या मागे मागे गेलं पाहिजे.

तीन, हुक. करंगळीच्या बाजूला दुखणाऱ्यांनी इथे वेळ द्यावा. हुकमध्ये कोपर आणि मूठ एकाच उंचीवर हवेत. कोपर खाली राहिलं की मूठ खालून वर घासत जाते आणि मनगट करंगळीकडे मोडतं. लांबून मारलेला हुकही असाच घात करतो, कारण हात उघडतो आणि नकलऐवजी मुठीची अंगठ्याकडची बाजू लागते. हुकमध्ये तळहात खाली ठेवायचा की स्वतःकडे, यावर कोच लोकांत मतभेद आहेत. मी नवख्यांना तळहात स्वतःकडे ठेवायला लावते, कारण जवळच्या हुकला त्यात मनगट सरळ ठेवणं सोपं जातं. पाय आणि कंबर वळली नाही तर सगळा जोर हातालाच लावावा लागतो, म्हणून ज्या हाताने हुक मारता त्या बाजूची टाच उचलून फिरते का, तेही त्याच चित्रणात बघा.

पट्टी बांधली आहे का, आणि कशी

घरी मारणारे बरेच जण हाताला गुंडाळायच्या कापडी पट्टीशिवाय ग्लोव्हज घालतात. ग्लोव्हजची गादी नकलना वाचवते, मनगटाला बांधून ठेवण्याचं काम पट्टीचं. मोठ्या माणसाला साडेचार मीटरची, म्हणजे १८० इंची पट्टी घ्या. १०८ इंची पट्टी लहान मुलांच्या हाताला पुरते, मोठ्या हाताला ती मनगटावर संपायच्या आत नकलवरच संपते.

बांधताना बोटं पूर्ण फाकवा. फास अंगठ्यात, पट्टी हाताच्या पाठीवरून मनगटाकडे. मनगटाला तीन-चार वेढे, मग नकलवर तीन, मग बोटांच्या फटींतून एकेकदा, अंगठ्याभोवती एक, आणि उरलेली सगळी पुन्हा मनगटावर. मनगटाचे वेढे सांध्याच्या थोडे खालून, कोपराच्या बाजूने सुरू झाले पाहिजेत, नाहीतर सांधा मोकळाच राहतो. बांधून झाल्यावर मूठ वळा: वळताना पट्टी घट्ट वाटली पाहिजे, उघडल्यावर सैल. बोटांची टोकं निळसर पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांधा. सरावानंतर मुंग्या येणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते.

पट्टी रोज धुवा. घामाने ताठ झालेली पट्टी कातडी सोलते.

बॅग कुठे आणि किती उंच

बॅगचा तळ साधारण कमरेच्या पट्ट्यापाशी आणि मधला भाग छाती-खांद्याच्या उंचीवर यावा. घरी छत जसं असेल तशी बॅग टांगली जाते, आणि ती खाली राहिली की सगळे पंच खालच्या दिशेने जातात. खाली जाणाऱ्या पंचात मूठ आत मुडपते. साखळीच्या दोन कड्या कमी केल्या आणि दुखणं थांबलं, असं एकाहून जास्त घरांत झालं आहे.

दुसरं, झोका. बॅग तुमच्याकडे येत असताना मारलं तर तिचं वजन आणि तुमचा जोर दोन्ही मनगटावर आपटतात, शिवाय ती फिरत असेल तर मूठ घसरते. बॅग लांब जाऊन थांबते, तो क्षण पकडायला शिका. जमेपर्यंत तळाला दोरी बांधून ती जमिनीवरच्या वजनाला अडकवा.

पंख्याच्या हुकाला बॅग टांगू नका. पंखा चार-पाच किलोचा असतो आणि झोके घेत नाही. पंचवीस-तीस किलोची बॅग दर पंचाला त्या हुकाला हिसका देते. स्लॅबमध्ये अँकर बोल्ट मारणारा माणूस बोलवा, आणि जुन्या घरात पत्र्याच्या किंवा लाकडी तुळईला टांगण्याआधी गवंड्याला विचारा.

बॅगमध्ये काय भरलंय

सगळ्यांत जास्त मनगटं मी इथे वाचवली आहेत, म्हणून जरा लांबवते.

रिकामी बॅग स्वस्त मिळते आणि घरी आणून लोक तीत वाळू भरतात. वजन पटकन येतं. पण वाळू महिन्याभरात खाली बसते. वरचा भाग पोकळ होतो आणि खालचा तृतीयांश सिमेंटच्या पोत्यासारखा घट्ट. पोटाच्या उंचीचा पंच त्या दगडावर बसतो. भुश्शाचं तसंच, पावसाळ्यात तर तो ओल धरून आणखी घट्ट होतो. एक मुलगा, लूमवर (यंत्रमागावर) रात्रपाळी करून येणारा, वाळूच्या बॅगवर रोज चाळीस मिनिटं मारायचा. त्याचं तंत्र चांगलं होतं, मूठ बरोबर होती, पट्टी बरोबर होती. दोन महिने मी त्याच्या हातात चूक शोधत होते. शेवटी त्याच्या घरी जाऊन बॅगला हात लावला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला आधी विचारते, आत काय भरलंय.

तपासणी सोपी आहे. बॅग वरपासून खालपर्यंत अंगठ्याने दाबत या. अंगठा सगळीकडे सारखा, बोटाच्या एका पेराएवढा आत गेला पाहिजे. जिथे जात नाही तिथे मारू नका.

उपाय म्हणजे बॅग उतरवून रिकामी करणं. एका रविवारचं काम आहे. भरायला कापड घ्या. आमच्या गावात लूमचं वेस्ट आणि कातरणं पोत्याने मिळतात. इतर ठिकाणी शिंप्याकडची कातरणं, जुन्या साड्या, चादरी चालतात. बटणं, हुक, चेन कापून टाका. एकही राहिलं तर कधीतरी नकलखाली येणारच. मोठी कापडं वीतभर रुंदीच्या पट्ट्यांत फाडा आणि थराथराने भरा. प्रत्येक थर दाबताना कडेने सैल ठेवा, मध्ये घट्ट करा. वजन कमी पडलं तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन-तीन किलो वाळू घालून ती चिकटपट्टीने पूर्ण बंद करा आणि बॅगच्या बरोबर मध्यावर ठेवा, सगळीकडून किमान चार बोटं कापड राहील अशी. एकूण वजन तुमच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास पुरे: साठ किलोच्या माणसाला पंचवीस ते तीस किलो.

कापडही हळूहळू बसतं. दोन-तीन महिन्यांनी बॅग आडवी टाकून लाटा, झोडपा, वरून भर घाला.

ग्लोव्हज

खर्चाची गोष्ट म्हणून इतक्या उशिरा. बॅगसाठी मोठ्यांनी १२ ते १६ औंसांचे ग्लोव्हज घ्यावेत. १६ औंस म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. हलके, पातळ ग्लोव्हज वेगासाठी असतात, रोजच्या माऱ्यासाठी नाहीत. जुन्या ग्लोव्हजच्या नकलवरची गादी अंगठ्याने दाबा. आतली हाडं हाताला लागत असतील किंवा दाबलेला खड्डा तसाच राहत असेल तर ती गादी मेली आहे. मनगटाचा पट्टा रुंद हवा, आणि तो लावल्यावर मूठ मागे-पुढे सहज झुकता कामा नये. नवीन घेताना दुकानात पट्टी बांधूनच घालून बघा, नाहीतर घरी आल्यावर पट्टीसकट हात आत जात नाही आणि मग पट्टी सुटते ती कायमची.

इथपर्यंत सगळं बरोबर असेल तर

मग मनगटाला वेळ द्यायचा. याला पाच-सहा आठवडे लागतात, आणि सगळ्यांत जास्त मुलं धीर सोडतात ती इथेच.

बादलीत तांदूळ किंवा ज्वारी भरा. त्यात हात मनगटापर्यंत खुपसून मूठ उघड-मीट करा, गोल फिरवा, बोटं फाकवा. अर्ध्या मिनिटाचे चार फेरे, एक दिवसाआड. ओला टॉवेल दोन्ही दिशांनी पिळा. भिंतीवरचं नकल टेकवणं रोज करा. ते न दुखता जमलं की सतरंजीवर गुडघे टेकून मुठीवरचे दंड. जुन्या तालमीत करेल (फिरवायचा जड लाकडी मुद्गल) फिरवलेल्यांची मनगटं मी पाहिली आहेत. घरात करेल असेल तर हलकी घेऊन जाणकाराकडून शिकून घ्या.

बॅगवर परतताना पहिला आठवडा नुसतं शॅडो, म्हणजे बॅगशिवाय हवेत मारणं. दुसऱ्या आठवड्यात दोन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये एक मिनिट विश्रांती, जोर निम्मा, फक्त जॅब आणि क्रॉस. तिसऱ्यात हुक. राउंड आणि जोर एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत. एका वेळी एकच वाढवलं की दुखलं तर कशामुळे दुखलं ते कळतं. राउंडच्या मध्येच मनगट मुडपलं तर तो राउंड तिथे संपला. थकलेल्या हाताने मारलेला पुढचा प्रत्येक पंच वाकड्या मनगटाचीच सवय लावतो. वाढत्या वयातल्या मुलांना मी यातलं निम्मंच देते आणि बॅग मऊ ठेवते, कारण त्यांच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात.

कधी थांबून डॉक्टरकडे जायचं

अंगठा ताठ करून वर उचला. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन शिरांमध्ये एक छोटा खळगा दिसेल. तिथे दाबल्यावर कळ येत असेल तर दुसऱ्या दिवसाच्या आत हाडांच्या डॉक्टरकडे जा, सूज नसली तरी. आत स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड आहे. त्याला रक्त बोटांकडच्या टोकाने येतं, त्यामुळे ते मोडलं तर मागच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि हाड जुळत नाही. पहिल्या एक्सरेत ही मोड पुष्कळदा दिसत नाही. डॉक्टर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्सरे काढायला सांगतात, किंवा एमआरआय. "एक्सरे साफ आला" म्हणून दुसऱ्या दिवशी बॅगवर जाऊ नका.

त्याच दिवशी जायचं ते या वेळी: नकल दबून नाहीशी झाली आहे, मूठ वळताना एक बोट शेजारच्या बोटावर चढतंय, बोट वाकडं आहे, बोटांना बधिरपणा आहे, किंवा मूठच वळत नाही. सूज दिसताच अंगठी काढा, नंतर ती कापावी लागते.

आठवडाभराच्या आत जायचं ते असं: मूठ वळताना नकलवरची शीर एका बाजूला घसरते, करंगळीकडे 'कट्' वाजून कपडे पिळताना कळ येते, किंवा दोन आठवडे बॅग बंद ठेवूनही दुखणं तसंच आहे. तिथल्या मऊ पेशी फाटल्या असतील तर त्या एक्सरेत दिसत नाहीत, म्हणून डॉक्टरांना पंच मारताना दुखतं हे स्पष्ट सांगा.

आमच्या भागात पहिली धाव हाडवैद्याकडे जाते. एक्सरे होईपर्यंत कोणाकडूनही हात ओढून घेऊ नका, चोळून घेऊ नका. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी मैदानी चाचणीला महिना राहिला असताना मनगट चोळून घेऊन माझ्याकडे आली. खळग्यात दाबलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला तशीच गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. प्लॅस्टर निघाल्यावर आम्ही तांदळाच्या बादलीपासून सुरुवात केली. चार किलोचा गोळा तिने त्यानंतर तीन महिन्यांनी हातात घेतला, आणि पुढच्या भरतीत फेकला.